काठी कुणाच्या हातून सुटली

"हिंदूराव, खुर्ची इकडं फिरवून घ्या," मी म्हणालो. "भिंतीशी बोलून समेट होत नाही."

"भिंत बरी," ते म्हणाले. "खोटं तरी बोलत न्हाई."

"ऐकलंत?" टेबलाच्या पलीकडून श्रीरंग फडतरे उसळले. "चौदा वर्सं हेच ऐकतोय. आन् वर म्हणं समेट करा."

"तुला कोण बोललं रं?"

"मग काय भिंतीला बोललास?"

हे नऊ वर्षांपूर्वीचं आहे. न्यायालयाच्या मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मध्यस्थी केंद्राची खोली होती. टेबल गोल होतं. मध्यस्थीत टेबल गोल ठेवतात, म्हणजे कुणी कुणाच्या समोर उभं ठाकलंय असं वाटू नये. मला त्या टेबलाचा राग यायचा. एकतीस वर्षं मी सरकारी वकील होतो. समोर आरोपी, वर न्यायाधीश, आणि मी उभा राहून प्रश्न विचारणार, ही माझी सवय. निवृत्त झाल्यावर चाळीस तासांचं प्रशिक्षण घेऊन मध्यस्थ झालो. प्रशिक्षणात सांगितलं की निकाल द्यायचा नाही, कोण खरं कोण खोटं हे ठरवायचं नाही, फक्त ऐकायचं आणि दोघांना बोलतं करायचं. माझी बायको शालन तेव्हा म्हणाली होती, "चाळीस तासांत तुम्हाला ऐकायला शिकवणार? मला छत्तीस वर्षांत जमलं नाही."

फडतऱ्यांचं प्रकरण असं होतं. त्यांच्या गावात भैरोबाची जत्रा चैत्रात भरते. जत्रेला पन्नास फुटी वेळूची काठी निघते. तिला लाल-पांढरं कापड गुंडाळलेलं, शेंड्याला पितळी कळस. काठीचा बुंधा एका माणसानं कमरेच्या पट्ट्यातल्या चामडी वाटीत तोलून धरायचा, आणि चार बाजूंनी चौघांनी दोर ताणायचे. देवळापासून ओढ्यापर्यंत बुंधा धरायचा मान फडतऱ्यांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा. ओढ्यापासून डोंगरावर धाकट्या पातीचा. हिंदूराव थोरल्या पातीचे, श्रीरंग धाकट्या पातीचे. दोघं एका वयाचे, एका तालमीत वाढलेले. वीस वर्षं दोघांनी ओढ्याच्या पाण्यात उभं राहून काठी एकमेकांच्या हाती दिली होती. एका वर्षी ती देताना सुटली, आडवी झाली आणि तिसऱ्या पेरावर मोडली. कुणाला लागलं नाही. पण काठी पडणं म्हणजे गावाला अपशकुन. कुणाच्या हातून सुटली यावरून त्याच दुपारी दोन्ही पातींची डोकी फुटली. मग दावा. ज्याच्या हातून सुटली त्याच्या पातीचा मान गेला असं ठरवून मिळावं, अशी दोघांचीही मागणी. न्यायालयानं निकालापर्यंत काठी काढायला मनाई केली. चौदा वर्षं काठी निघालीच नव्हती. गावात लग्न होऊन आलेल्या सुनांनी ती पाहिलेलीच नव्हती.

दोघंही आता पासष्टीचे. न्यायाधीशांनी कंटाळून प्रकरण माझ्याकडे पाठवलं आणि साठ दिवस दिले.

"हे बघा," मी दोघांना म्हणालो, "या खोलीत जे बोलाल ते बाहेर जाणार नाही. न्यायाधीशांनाही कळणार नाही. मी प्रत्येकाशी वेगळंसुद्धा बोलणार आहे. तेव्हा जे सांगाल ते तुम्ही परवानगी दिल्याशिवाय मी दुसऱ्याला सांगणार नाही. हा माझा शब्द."

"सरकारी वकिलाचा शब्द," हिंदूराव भिंतीकडे बघत म्हणाले.

"माजी," मी म्हणालो.

पहिली बैठक अशीच गेली. दुसऱ्या बैठकीला मी त्यांना वेगवेगळं बोलावलं.

हिंदूराव जिना चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाणी प्यायले. भिंतीकडे बघायला आता कारण नव्हतं, म्हणून टेबलाकडे बघत बसले. मी काही विचारलं नाही. प्रशिक्षणातली तेवढी एक गोष्ट मला जमली होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "शब्द पक्का ना?"

"पक्का."

"त्या दिशी सकाळधरनं माझ्या कमरंत चमक भरली हुती. कुणाला बोललो न्हाई. थोरल्या पातीचा मान, कसं बोलणार? वढ्यापतुर कशीबशी नेली. श्रीरंग म्हणला, थांब, पाय रोवू दे. मी थांबलो न्हाई. मला दमच न्हवता. सोडली."

मी लिहीत होतो तो हात थांबला.

"म्हणजे काठी तुमच्या हातून सुटली?"

"माझ्याच."

"मग दाव्यात उलटं का लिहिलंत?"

"त्या दिशी डोकी फुटली हुती. चुलत्यानं कागूद आणला, मी सही केली. आता फिरलो तर माझी पोरं म्हणतील, आबा, मग आमाला चौदा वर्सं कशाला भांडाय लावलंत? दोघा पोरांनी धाकट्या पातीच्या लग्नात पाय ठेवला न्हाई. सख्ख्या मैतराच्या."

"यातलं मी श्रीरंगरावांना काय सांगू?"

"काय बी न्हाई." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. "सायेब, एक अक्षर न्हाई."

अर्ध्या तासानं श्रीरंग आले. हे बोलके. बसायच्या आधीच सुरू झाले.

"काय म्हणला त्यो? माझ्यावरच घातलं असंल सगळं."

"ते मी सांगू शकत नाही."

"आन् मी सांगितलेलं त्याला?"

"तेही सांगू शकत नाही."

"मग तुमचा उपेग काय?"

मला हसू आलं. तेही हसले. मग खिशातून तंबाखूची चंची काढली, जागा आठवून परत ठेवली.

"माझा पाय शेवाळावर हुता," ते म्हणाले. "हिंदूनं इचारलं, धरलीस का? मी म्हणलो, धरली. धरली न्हवती. माझं ध्यान त्या दिशी जाग्यावर न्हवतं. वरच्या अंगाला पोरी बघत हुत्या, त्यांच्यात माझ्या पोराची ठरलेली बायको हुती. मला वाटलं ऐटीत एका हातानं घ्यावी. सुटली."

मी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला.

"हिंदूरावांनी थांबायला पाहिजे होतं असं नाही वाटत तुम्हाला?"

"त्यो थांबलाच हुता. दोनदा इचारलं त्यानं."

एकतीस वर्षं मी कबुलीजबाबासाठी डोकं फोडलं. पोलीस आणत, मॅजिस्ट्रेटसमोर आरोपी फिरत, साक्षीदार उलटत. आणि इथं एका सकाळी दोन कबुलीजबाब माझ्या हातात होते. त्यांचं एकमेकांशी जुळतसुद्धा नव्हतं. एक म्हणत होता मी थांबलो नाही, दुसरा म्हणत होता तो थांबला होता. कुणा एकाची आठवण खोटी होती, आणि खोटी होती ती स्वतःच्याच विरुद्ध. असले साक्षीदार मी आयुष्यात पाहिले नव्हते. आणि दोन्ही कबुलीजबाब मला कुलपात ठेवायचे होते.

"यातलं हिंदूरावांना...?"

"न्हाई," श्रीरंग उठत म्हणाले. "मेलो तरी न्हाई. त्यो नुसता एक शबुद बोलला असता तर मी आपणहून सांगितलं असतं. आता न्हाई."

घरी गेलो तेव्हा शालन ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी पाय धुऊन आत गेलो आणि सवयीनं कपाटाकडे पाहिलं. कपाटात माझ्या जुन्या खटल्यांच्या फायली होत्या. त्यांच्या खाली तिचा रिपोर्ट होता. डॉक्टर तांबोळींनी तो दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातात दिला होता. आतड्याचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. मी डॉक्टरांना म्हणालो होतो, तिला सांगू नका. तिला सूज आहे एवढंच सांगा. तांबोळींनी माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हटलं होतं. आमची मुलगी अश्विनी बंगळूरला असते, तिलाही मी फोनवर सूजच सांगितली होती.

"आज समेट झाला का?" शालननं विचारलं. रोजचा प्रश्न. पूर्वी विचारायची, आज कुणाला आत टाकलंत?

"कसला समेट! दोघं गाढव आहेत."

"काय झालं?"

"सांगता येत नाही. नियम आहे." मग न राहवून म्हणालो, "समज, दोन माणसांना एकच गोष्ट माहीत आहे. दोघंही ती तिसऱ्याला सांगतात आणि म्हणतात, त्याला सांगू नका. आता तिसऱ्यानं काय करायचं? डोकं आपटायचं?"

ती मेथीच्या काड्या एका बाजूला करत होती. हात खूप बारीक झाले होते तेव्हा.

"माणसं एवढी आंधळी नसतात हो," ती म्हणाली. "दुसऱ्याला काय माहीत आहे ते कळत असतं. आधी कुणी बोलायचं एवढाच प्रश्न असतो."

"यांना नाही कळत. खेडवळ आहेत."

"असेल," ती म्हणाली. "गोळी आणून द्या बरं आतून. सुजेची."

मी चष्मा पुसत आत गेलो.

तिसऱ्या बैठकीत मी चूक केली. त्या चुकीचा राग मला अजून येतो, कारण तशी चूक सरकारी वकीलच करू जाणे. उलटतपासणीत आम्ही असं करतो की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे तोच प्रश्न विचारायचा, आणि साक्षीदाराच्या तोंडून ते काढायचं. मला वाटलं, मी काही सांगत नाही. मी फक्त विचारतो. सांगतील ते आपणहून सांगतील.

दोघं गोल टेबलाशी बसले होते. हिंदूरावांनी त्या दिवशी खुर्ची अर्धी फिरवली होती. मला ती प्रगती वाटली होती.

"हिंदूराव," मी म्हणालो, "त्या दिवशी तुमची कंबर कशी होती?"

हिंदूरावांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"कंबर?"

"हो. ओढ्यात उतरताना."

"सायेब," ते फार हळू म्हणाले, "तुमी शबुद दिला हुता."

"त्याला कशाला तपासताय?" श्रीरंग मध्ये पडले. "त्यो काय आरोपी हाय व्हय? दम लागतोय त्याला, दिसत न्हाई?"

"बरं, तुम्हाला विचारतो," मी त्यांच्याकडे वळलो. मी तेव्हा थांबायला हवं होतं. "तुमचा पाय कशावर होता?"

श्रीरंग उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "चल रं हिंद्या. ह्या मानसाजवळ बसायचं न्हाई."

चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली असेल. दोघं एकामागून एक बाहेर पडले. प्रत्येकाला एवढंच कळलं होतं की मी त्याचं गुपित दुसऱ्यापुढे उघडं करायला निघालो होतो. दुसऱ्याला विचारलेला प्रश्न त्याच्या लेखी नुसता प्रश्न होता. मी खिडकीतून पाहिलं. खाली चिंचेपाशी त्यांचे वकील चहा पीत उभे होते. हिंदूराव एका वकिलाकडे गेले, श्रीरंग दुसऱ्याकडे. त्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं, की हा मध्यस्थ नको. तसा अर्ज दोघांनीही दिला.

मी अहवालात लिहिलं, समेट झाला नाही. अहवालात तेवढंच लिहायचं असतं. का झाला नाही हे लिहायला तिथं जागा नसते.

महिन्याभरानं एका दुपारी आमच्या फाटकाची कडी वाजली. श्रीरंग फडतरे होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, उन्हातून चालत आलेले. शालननं गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आतल्या दाराशी बसली. तिला फार वेळ उभं राहवत नसे.

"रागावून गेलो हुतो," ते म्हणाले. "ते सोडा आता. हिंदू दवाखान्यात हाय. तिकडच्या मोठ्या दवाखान्यात. हृदयाचं हाय. पोरं म्हणत्यात लई दिस न्हाईत."

"अरेरे."

"मी जावं का न्हाई ते इचाराय आलोय."

"मला?"

"तुमालाच ठावं हाय ना. त्यो आत काय म्हणला ते." त्यांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला. "सगळं नगं. एवढंच सांगा. त्यानं माझ्या नावानं शिव्या दिल्या का? शिव्या दिल्या असल्या तर मी जात न्हाई. मरताना त्याला तरास कशाला? पोरं हाकलून काढतील, पाच मानसांत तमाशा हुईल. आन् शिव्या दिल्या नसल्या तर... तर मग जातो."

मला आठवतं, मी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"श्रीरंगराव, ते गोपनीय आहे," मी म्हणालो. "प्रकरण संपलं तरी गोपनीयच राहतं. एकदा माझ्या हातून चूक झाली, तुम्ही पाहिलीत. परत करणार नाही."

"मी कुणाला सांगणार न्हाई."

"प्रश्न तुमचा नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

"त्यो मरतोय, सायेब."

"म्हणून शब्द मरत नाही."

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत बोललो होतो. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मी परत चष्मा पुसला. श्रीरंग पाणी प्यायले आणि गुळाचा खडा तसाच ठेवून उठले.

"तुमचा उपेग काय, सायेब," ते म्हणाले. मागच्या वेळी हेच वाक्य ते हसून म्हणाले होते.

ते गेले. आमच्या फाटकाची कडी नीट बसत नसे, ती उचलून लावावी लागे. शालन भिंतीला धरत उठली आणि कडी लावायला गेली. मी म्हणालो, मी लावतो. ती म्हणाली, बसा. तिला यायला वेळ लागला. तेव्हा तिचं चालणंच मंदावलं होतं, म्हणून मला काही वाटलं नाही.

आत आल्यावर ती खुर्चीत टेकली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "एवढ्या उन्हाचा आला होता तो माणूस."

"मी काय करणार? नियम आहे."

"त्या दुसऱ्यानं काय सांगितलं ते नका सांगू. नुसतं 'जा' म्हणायचं. त्याला कुठला नियम आड येत होता?"

मी चिडलो. मला कायदा शिकवू नकोस, असं काहीतरी म्हणालो.

चौथ्या दिवशी हिंदूराव गेल्याचं मला त्यांच्या वकिलाकडून कळलं. श्रीरंग भेटले का, हे मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. ते गेले नसणार असं मी मनाशी धरलं. ज्याला एक शब्द हवा होता त्याला मी नियम ऐकवून परत पाठवला होता.

शालन आषाढात गेली. शेवटपर्यंत मी सूजच म्हणत राहिलो आणि ती हो म्हणत राहिली. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ते कपाट एकदा आवरा हो. कागद फार साठलेत." मी म्हणालो, "तू बरी झालीस की दोघं मिळून आवरू." ती म्हणाली, "बरं."

तेरावं झाल्यावर डॉक्टर तांबोळी भेटायला आले. चहा घेतला. कप ठेवताना म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राहिलंय. सांगावं की नाही यावर मी पंधरा दिवस विचार केला."

"सांगा."

"बाईंना सगळं माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून. तुम्ही बिल भरायला खाली गेला होता, तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, किती दिवस? मी सांगितलं. मग म्हणाल्या, मला कळलंय हे आमच्या यांना सांगू नका. त्यांना वाटू दे की त्यांनी नीट लपवलंय. नाहीतर ते मोडतील."

मी बसलेलाच होतो, तरी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे तेव्हा सांगायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आठ महिने, डॉक्टर! आठ महिने आम्ही एका घरात..."

"मी दोघांनाही शब्द दिला होता," ते म्हणाले.

त्यांना मी दारापर्यंत सोडायलाही गेलो नाही. त्या माणसाचा मला महिनोन् महिने राग होता. कपाट उघडून रिपोर्ट काढला तेव्हा तो फायलींच्या खाली नव्हता. वर होता, नीट घडी घालून.

मध्यस्थीचं काम मी सोडलं. पण श्रीरंगांचं डोक्यातून जात नव्हतं. नियम आता मला कुणापुढे पाळायचा नव्हता. चैत्र आला तसा मी एसटीनं त्यांच्या गावाला गेलो. त्यांना सांगायचं होतं की हिंदूरावांनी शिव्या दिल्या नव्हत्या, काठी माझ्या हातून सुटली असं ते म्हणाले होते, आणि मी हे तुमच्यापासून ठेवलं. ते चपलेनं मारतील तर मारून घ्यायचं असं ठरवलं होतं.

फाट्यावर उतरलो तर ढोल वाजत होता. गावात शिरायच्या आधीच घरांच्या वर लाल-पांढरी काठी दिसली. पितळी कळस उन्हात चमकत होता. मी तिथंच उभा राहिलो. मला कुणी काही कळवलं नव्हतं, आणि कुणी का कळवावं?

ओढ्यापाशी गर्दी होती. बुंधा हिंदूरावांच्या थोरल्या मुलाकडे होता, तो घामानं निथळलेला. समोर श्रीरंगांचा मुलगा पाण्यात पाय रोवून उभा. आणि दोघांच्या मध्ये गुडघाभर पाण्यात श्रीरंग, एकेकाचा हात धरून बुंध्यावर ठेवत होते. "धरलीस का? परत सांग, धरलीस का? आता सोड. सावकाश."

काठी डोंगराकडे गेली. श्रीरंग ओलं धोतर पिळत वर आले आणि त्यांना मी दिसलो.

"आरं, वकीलसायेब! या, या. बाईसायेबांना न्हाई आणलंत?"

"नाही," मी म्हणालो. तेवढंच तोंडातून निघालं.

एका दगडावर बसलो. मी म्हणालो, "श्रीरंगराव, मी तुमची माफी मागायला आलोय. त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. हिंदूराव मला म्हणाले होते की..."

"त्याची कंबर भरली हुती," श्रीरंग म्हणाले. "सांगितलं त्यानं मला."

"कधी?"

"दवाखान्यात."

"तुम्ही गेला होता?"

"गेलो की. तुमच्या घरनं निघालो ते तडक तिकडंच. नाकात नळी हुती. मला बघून म्हणला, कशाला आलास? मी म्हणलो, भिंत बघाय." ते हसले, डोळे पुसले. "मग म्हणला, श्रीरंग्या, त्या दिशी माझी कंबर गेलती. मी म्हणलो, न्हाई, माझा पाय शेवाळावर हुता. म्हणला, खोटं बोलतोस. मी म्हणलो, तूच खोटं बोलतोस. तिथंबी भांडलो बघा. नर्स वराडली आमच्यावर. तिसऱ्या दिशी गेला. पयला खांदा मी दिला. पोरांनी दिऊ दिला. मग दोन्ही पातींनी मिळून दावा मागं घेतला."

"पण मी तर तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुमी कुठं सांगितलंत! बाईसायेबांनी सांगितलं. फाटकापाशी. मी पार रस्त्याला लागलो हुतो, हाक मारली. म्हणाल्या, दादा, तुमी जा. मी म्हणलो, तुमाला काय ठावं? तर म्हणाल्या, आमचे हे मनातलं काही लपवत असले की चष्मा पुसतात. आत्ता दोनदा पुसला. शिव्या असत्या तर पुसला नसता. तुमी आजच्या आज जा, उद्यावर ठेवू नका." श्रीरंगांनी जरा थांबून आठवलं. "आन् म्हणाल्या, चार म्हैने मी घरात हेच बघतेय. ते काय मला उमगलं न्हाई."

वर डोंगरावर काठी वळणाला लागली होती. दोर ताणणाऱ्यांचा एकसुरी आवाज खालपर्यंत येत होता. श्रीरंग ती नजरेआड होईतोवर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या साली त्यांना आणाच. आन् आज घरी गेलात की त्यांना आमचा निरोप द्या. म्हणावं, श्रीरंग त्याच दिशी गेला हुता. येळेत पोचला. द्याल न्हवं?"

मी चष्मा काढला. रुमाल शोधला, सापडला नाही. सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"देतो," मी म्हणालो.